खरी मशीन की खोटी

३१ जुलै, गुरुवार

रिपोर्ट पुन्हा नॉर्मल. रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. फक्त मी नॉर्मल नाही.

माधवरावांनी सगळे कागद एकाखाली एक लावले, क्लिप मारली आणि म्हणाले, "बघ, काहीच निघालं नाही. चांगलंच झालं की." नवऱ्याला तोंडावर 'अहो' म्हणते, वहीत तरी नावानं लिहावं. तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलेला माणूस. जे मोजता येत नाही ते त्यांच्या लेखी नाहीच.

नऊ वर्षं झाली. मान, खांदे, कंबर, मांड्या, बोटांची पेरं — जागा बदलतं, जात नाही. गेल्या वर्षी परभणीच्या डॉ. मधुवंतींनी नाव सांगितलं — फायब्रोमायल्जिया. मेंदूत दुखण्याची खबर जरुरीपेक्षा मोठ्या आवाजात वाजते, असं त्यांनी समजावलं. नाव मिळालं तेव्हा मी त्यांच्या टेबलाशी बसून रडले. आठ वर्षांत कोणी तरी नाव दिलं म्हणून. माधवरावांनी घरी येईपर्यंत दोनदा विचारलं, "म्हणजे मनाचंच ना?"

१ ऑगस्ट, शुक्रवार

डॉ. मधुवंतींचा फोन. त्यांच्या दवाखान्यात मेंदूला बाहेरून हलका करंट देऊन बघताहेत. सुई नाही, कापाकापी नाही, भूल नाही. सोमवार ते शुक्रवार, रोज वीस मिनिटं, असं वीस वेळा. अट एकच — निम्म्या लोकांना खरा करंट, निम्म्यांना बनावट. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. कोणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत कोणालाच कळणार नाही, त्यांनाही नाही. बनावट निघाला तर नंतर खरा देणार.

माधवराव म्हणाले, "म्हणजे निम्म्या माणसांना रोज परभणीला बोलवायचं आणि काहीच करायचं नाही?"

मी हो म्हणून टाकलं. डॉक्टरांना. माधवरावांना उत्तर दिलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

सेलूहून सकाळची गाडी. बसायला जागा मिळाली, पण मानवत रोड येईपर्यंत कंबर बोलायला लागली होती. मग उभी राहिले. मग पाय बोलायला लागले.

मशीन बघून हसूच आलं. एवढ्या गाजावाजाची वस्तू, जेवणाच्या डब्याएवढी. ज्ञानेश्वरी नावाची मुलगी ती चालवते. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज — एक डोक्यावर डावीकडे, दुसरा उजव्या भुवईच्या वर. त्यावरून रबरी पट्टा. केसांतून मिठाचं पाणी कानामागे ओघळत होतं. तिनं बटण दाबलं. स्पंजाखाली मुंग्या चावल्यासारखं झालं, अर्धा मिनिट. मग काही नाही. साडेएकोणीस मिनिटं काही नाही.

"असंच असतं का?" मी विचारलं.

"सगळ्यांना असंच वाटतं, मॅडम."

सगळ्यांना म्हणजे कोणाला? खऱ्यांना की खोट्यांना?

५ ऑगस्ट, मंगळवार

दुखणं आठ. दवाखान्यानं फॉर्म दिलाय, रोज सकाळी शून्य ते दहापैकी आकडा लिहायचा. बाकीचं लिहायला त्यात जागा नाही, म्हणून ही वही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

माझ्या पुढच्या नंबरला एक बाई असते. धुरपदाबाई, झरी गावची. माझ्याच वयाची असेल, पण हात बघितले की वाटतं दहा वर्षांनी मोठी. आज बाकावर शेजारी बसली. ज्ञानेश्वरी तिचा फॉर्म तिला विचारून भरते.

"दहापैकी किती दुखतंय, मावशी?"

"दहा म्हंजी किती गं? बाळंतपण दहा धरायचं का?"

"धरा."

"मग नऊ."

नंतर मला म्हणाली, "तुमी बाई, शाळंत हाव का?" सांगितलं, घरी टायपिंगचे वर्ग घेते. "मग बोटं दुखायलीत म्हना." पाच दिवसांत मला हे नेमकं विचारणारं पहिलं माणूस.

तिचं दुखणं सहा वर्षांचं. ती आणि तिचा नवरा मुंजाजी दर साली ऊसतोडीला जातात. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. गेल्या साली मुकादमानं नेलंच नाही — "अर्ध्या कोयत्याला कोन नेतंय, बाई?" चार वर्षांपूर्वी कोणी तरी सांगितलं, गर्भाची पिशवी काढली की कंबर थांबेल. काढली. "पिशवी गेली. दुखनं हितंच हाय."

ह्या दिवाळीनंतर तिला परत जायचंय. मशीनवर तिचा तेवढाच भरवसा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सात वेळा झालं. फरक शून्य. डोकं मात्र दुखतंय, ते आधी दुखत नव्हतं.

संध्याकाळच्या बॅचला सृष्टी म्हणाली, "मॅडम, हा उतारा एकदा तुम्ही मारून दाखवा ना, बोटं कशी पडतात बघते." दोन ओळी दाखवल्या. तिसऱ्या ओळीला करंगळी उचलेना. "आता तू कर," म्हणून हात मांडीवर घेतले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, सगळं बघतात. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज मी परभणीहून जरा लवकर आले. माधवराव आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होते. त्यांना वाटलं घरात कोणी नाही. "अगं, रिपोर्टात काही नाही, डॉक्टरला काही सापडत नाही. हिला आता त्या दुखण्याचंच वेड लागलंय. मी तरी काय करू?"

मी चपला तशाच पायात ठेवून अंगणात उभी राहिले. मग मुद्दाम कडी वाजवून आत गेले.

मी तरी काय करू! नऊ वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला का? बहिणीला विचारता येतो.

स्वयंपाक केला. भांडी आपटली. आपटल्यावर मनगट दुखलं. ह्यातसुद्धा मीच हरले.

१८ ऑगस्ट, सोमवार

बोलणं बंद आहे. त्यांच्या ध्यानात आलंय की नाही कळत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

धुरपदाबाई बाकावर न बसता उभीच होती. तोंडभर हसू. "बाई, काल म्या भरल्या हंड्यानं पानी आनलं. हापशावरून. सा वर्षांत पयल्यांदा." झोपही लागायलीये म्हणे. ज्ञानेश्वरीनं तिच्या फॉर्मवर पाच लिहिलं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

उघडच आहे की आता. खरी मशीन तिला, बनावट मला. रोज दीड-दोन तास जायला, तेवढेच यायला — डोक्यावर ओला स्पंज ठेवायला! परतीच्या गाडीत सगळा रस्ता हेच. घरी आले तेव्हा डॉक्टरांना फोन करून नाव काढून घ्यावं असं ठरवलं होतं. केला नाही. मग माधवराव म्हणाले असते, "मी म्हटलंच होतं."

२६ ऑगस्ट, मंगळवार

आठ. आठ. आठ. फॉर्मवर एकच आकडा लिहून माझा आठ आता सुबक यायला लागलाय.

उद्या गणपती. मोदकाची उकड मळायला माधवराव बसले. कोणी सांगितलं नव्हतं. उकडीत गुठळ्या राहिल्या. मी बोलून दाखवलं. नसतं बोलले तरी चाललं असतं, पण राग कुठे तरी निघतोच.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज विसावी वेळ. संपलं.

शेवटचा आकडा लिहायचा होता. मी सात लिहिलं. खरं तर आठच. पण ज्ञानेश्वरी वीस दिवस एवढ्या हळुवार हातानं पट्टा बांधायची, केस ओढू द्यायची नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून एक कमी केला. निघाले, दारातून परत फिरले आणि सातावर काट मारून आठ केला. हे तरी खरं असू दे.

धुरपदाबाई तीनवर आलीये. निघताना तिनं माझा हात हातात घेतला, दाबला नाही — दुखणाऱ्यांनाच कळतं कसा धरायचा. "तुमालाबी येईल गुन. सगळ्याला एकदम येत न्हाई."

तिच्या चांगुलपणाचाही मला राग आला.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाऊस थांबायलाच तयार नाही. येलदरी धरणाचे दरवाजे उघडलेत, गावागावांत पाणी. वर्गाला चारच मुली आल्या. आज नऊ.

माधवराव शेगडीवर पाणी तापवून बादली ठेवून गेले, शेकायला. एक शब्द न बोलता. मला शब्द हवे आहेत, बादली नको. म्हणावं — हो, तुला दुखतंय. तीन शब्द. गणितवाल्याला मोजता येतील एवढेच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज जे झालं ते सगळं लिहिते.

आमची शेवटची तुकडी होती, म्हणून कोणाला काय मिळालं त्याची पाकिटं आज वाटली. डॉ. मधुवंतींनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांनीच पाकीट उघडा. काही विचारायचं असेल तर दोन वाजल्यानंतर मी आहे." मग त्या रुग्ण तपासायला गेल्या. माझं पाकीट मी पर्समध्ये ठेवलं. आतलं मला माहीतच होतं — बनावट. माहीत असलेलं उघडायची घाई कशाला?

धुरपदाबाई तिचं पाकीट घेऊन आली. "बाई, वाचा. मालक जीप बघायला गेलेत, ते यायच्या आत वाचा."

चारच ओळी होत्या. मी मनात वाचल्या. परत वाचल्या. तिला मिळाली ती बनावट. वीस दिवस, काहीही नाही. अर्ध्या मिनिटाच्या मुंग्या आणि मिठाचं पाणी.

खोटं सांगावं असं वाटलं. मग वाटलं, हिला नंतर खरी मशीन मिळायचा हक्क आहे, तो मी कोण बुडवणार? आणि आणखी एक वाटलं, तेही लिहिते — तुझं काही माझ्यापेक्षा जास्त नव्हतं, हे तिला कळावं असंही वाटलं. सांगितलं.

तिनं रिकामं पाकीट उलटं करून झटकलं.

"म्हंजी त्यात काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"आन मला तर बरं हाय."

"हो."

मग तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. पण ती घाबरली होती. "हे मालकाला सांगू नका, बाई. सा वर्षं सोंग केलंस म्हनंल. सासरी-माहेरी समद्यांला सांगंल."

मला माझंच कोणी तरी बोलतंय असं वाटलं. कारण मीही तेच म्हणत होते मनात — हे माधवरावांना कळलं तर झालंच. खोट्या मशीननं माणूस बरा होतो म्हणजे दुखणं खोटंच. हातात प्रमाणपत्र.

तेवढ्यात मुंजाजी आले. उंच, टोपी हातात, बोलायला लाजणारा माणूस. मी समजत होते कोणी तरी दांडगट असेल. "काय लिवलंय म्हनं, बाई, कागदात?"

धुरपदाबाई जमिनीकडे बघत होती.

मी कागद समोर धरला आणि मुलींना उतारा सांगते तसं सावकाश, विराम घेत वाचून दाखवलं. "श्रीमती धुरपदाबाई यांना देण्यात आलेला उपचार, खरा होता. त्यांच्या मेंदूला, रोज वीस मिनिटे, करंट देण्यात आला."

"मंग बराबर हाय," मुंजाजी म्हणाले. "मला वाटलंच. चेहराच बदललाय हिचा." त्यांनी कागद घडी घालून टोपीत ठेवला, प्रसादासारखा.

तिला बाजूला घेऊन सांगितलं, खरी मशीन पाहिजे तर अजून मिळेल. "कोयत्याहून आल्यावर बघू," म्हणाली. दिवाळीचा पाडवा झाला की निघणार.

दोन वाजता मी डॉक्टरांकडे गेले. मी काय वाचून दाखवलं तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "बनावटीनं बरं वाटलं म्हणून दुखणं बनावट ठरत नाही, सुमंगलाताई. भरवसा बसला की मेंदू आपला आवाज आपण कमी करू शकतो. काहींचा करतो, काहींचा नाही. तिला फोन करून मी नीट समजावीन."

मला समजलं. पण हे मी घरी कुठल्या तोंडानं समजावू? त्यांनी माझ्या पाकिटाचं विचारलं. म्हटलं, अजून उघडलं नाही.

खरं म्हणजे आता उघडायची भीती वाटते. तिची खोटी होती, तर माझी काय होती, हे मला आता ठाऊक नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

माधवरावांनी स्वतःच विचारलं, "पाकिटाचं काय झालं?"

मी म्हटलं, "तुम्हीच उघडा. मला नको."

बनावट निघाली तर अजून एक संधी आहे. खरी निघाली तर हाही रस्ता बंद. मी पोळ्या लाटत राहिले. त्यांनी चष्मा शोधला, खिडकीपाशी गेले, पाकीट फाडलं. चार ओळी वाचायला एवढा वेळ?

"बनावट होती," ते म्हणाले.

लाटणं हातातच राहिलं. मी हसले की रडले ते आठवत नाही. बनावट! म्हणजे माझ्यावर अजून काही झालेलंच नाही. म्हणजे खरी अजून बाकी आहे.

"आता खरी देतील ना?"

"मी बोलतो डॉक्टरांशी. तू फोन करू नकोस."

कागद खिशात घातला आणि बाहेर गेले. मी त्या तंद्रीत दोन पोळ्या करपवल्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

झोप लागली. सलग पाच तास.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अजून फोन केलेला नाही! विचारलं तर म्हणतात, "दिवाळी होऊ दे." दोन दिवस झाले. कामं काय आहेत असं विचारलं तर पेपर उलटा धरून वाचायला लागले.

मग माझा तोल गेला. नऊ वर्षांचं सगळं काढलं. म्हटलं, तुमच्या बहिणीला फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलंय. वेड लागलंय ना मला? आता खरी मशीन मिळायला आली तर तुम्हाला दिवाळी आठवते. तुम्हाला नकोच आहे मी बरी व्हायला. बरी झाले तर तुमचं 'रिपोर्ट नॉर्मल' खोटं ठरेल.

ते ऐकून घेत होते. मग चष्मा काढून ठेवला. उठून बाहेर गेले.

उद्या मीच फोन करणार.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉ. मधुवंती सुटीवर. सोमवारनंतर येतील म्हणे. दुखणं आठ. चकलीचा साचा फिरवताना खांदा भरून आला. साचा तसाच ठेवून दिला. अर्ध्या तासानं बघते तर चकल्या पाडलेल्या होत्या. वेड्यावाकड्या. कालपासून अबोला आहे, म्हणून काही म्हटलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धुण्याला टाकायला त्यांचा शर्ट घेतला. खिशात पाकिटातला तो कागद.

मला मिळाली ती खरी होती. वीसच्या वीस दिवस. स्पष्ट लिहिलंय.

कागदाच्या मागं त्यांचं अक्षर. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, आकडे घालून.

१. सकाळी उठताना डावा हात उजव्या हातानं उचलते. का?

२. कणीक मळताना मध्येच थांबते आणि पाणी प्यायचं निमित्त करते. तेव्हा मी काय करावं?

३. करंट चालला नाही तर पुढे काय आहे? कुठेही न्यायची तयारी आहे.

४. हे तिला कसं सांगू?

चौथा तीनदा खोडून परत लिहिलाय.

कागद होता तशी घडी घालून खिशात ठेवला. शर्ट धुण्याला टाकला नाही. खुंटीला लावून ठेवला.